ब्रॉयलरच्या खाद्यात हळद, लसूण, आवळा: पहिल्या लॉटपासून कसं सुरू करायचं

ब्रॉयलरचा, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचा, पहिला लॉट (एका वेळी आणलेली पिल्लं) टाकायचं ठरलं की सल्ले मागावे लागत नाहीत. कुणी म्हणतं खाद्यात हळद घाल, कुणी लसणाचं पाणी दे म्हणतं, कुणी शेवग्याचा पाला वाळवून ठेवायला सांगतं. औषधाच्या दुकानात गेलात तर 'हर्बल लिव्हर टॉनिक'ची बाटली न मागता पुढ्यात येते. यातलं सगळंच खोटं नाही. हळद, लसूण, आले, ओवा, आवळा, शेवगा यांवर देशातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आणि परदेशातही भरपूर काम झालं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांना फायदा दिसला आहे. पण तितक्याच ठिकाणी काहीच फरक पडलेला नाही. असं का होतं, आणि तुमच्या शेडमध्ये फायदा होतोय की नाही हे ओळखायचं कसं, हे कळलं की मग पैसे घालवायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगतो. या वस्तू उपयोगाच्या आहेत, पण त्यांचा नंबर शेवटचा. पाणी, शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस, हवा आणि ताजं खाद्य हे चार जमले की मग हळदीची गोष्ट. आणि एका लॉटमध्ये एकच वस्तू.

या विषयाला इतका जोर कशामुळे आला तेही थोडक्यात पाहू. पूर्वी वाढ चांगली व्हावी म्हणून कोंबडीच्या खाद्यात रोज थोडं थोडं अँटिबायोटिक घातलं जायचं. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात हे लक्षात आल्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक वापरायला पूर्ण बंदी घातली. भारतात २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमध्ये बंदी आली. माणसाच्या शेवटच्या उपचारासाठी राखून ठेवलेलं हे औषध तोवर पोल्ट्रीत सर्रास चालायचं. ती जागा भरून काढायला जे पर्याय शोधले गेले त्यात आम्लं, प्रोबायोटिक (आतड्यातले उपयोगी जंतू) आणि या वनस्पती आल्या.

करारावर असाल तर इथेच थांबा

महाराष्ट्रात नव्याने शेड बांधणारे बरेच जण कंपनीच्या करारावर काम करतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपली शेड, वीज, तूस आणि मेहनत, त्याबदल्यात किलोमागे ग्रोइंग चार्ज. अशा शेडमध्ये खाद्यात परस्पर काहीही मिसळू नका. खाद्य त्यांचं आहे, एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) बिघडला तर कपात तुमची होते, आणि उद्या मर वाढली की 'तुम्ही काय घातलं होतं?' हा प्रश्न पहिला येतो. सुपरवायझरला विचारा, त्यांनी हो म्हटलं तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. नाही म्हटलं तर विषय संपला. कंपनीच्या खाद्यात बहुतेक वेळा असं काहीतरी आधीच घातलेलं असतं.

पुढचं सगळं स्वतःची पिल्लं, स्वतःचं खाद्य आणि स्वतःची विक्री असलेल्यांसाठी आहे. साधारण ५०० ते २००० पक्ष्यांची शेड डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

शेड आधी

हे भराभर सांगतो, कारण यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. तूस मुठीत घेऊन दाबा; मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, आणि ओल्या तुसात कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) आणि अमोनिया वायू दोन्ही येणार. गुडघ्यावर बसा, नाक पक्ष्याच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर पडदे खाली करून हवा आत येऊ द्या. पाण्याची टाकी आणि पाइप प्रत्येक लॉटनंतर आतून धुवा. पिल्लू आलं तेव्हा साधारण ४० ते ४२ ग्रॅमचं असतं, सातव्या दिवशी ते त्याच्या चौपट तरी भरायला हवं, म्हणजे १६० ग्रॅमच्या वर. तेवढं भरत नसेल तर दोष ब्रूडिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीला पिल्लांना ऊब देऊन सांभाळण्यात आहे. उष्णता कमी पडली, फीडर कमी पडले, किंवा पिल्लं प्रवासात सुकून आली. तिथे हळद काहीही करू शकत नाही.

बऱ्याच प्रयोगांत फरक दिसत नाही त्याचं एक कारणही हेच. स्वच्छ शेड, कमी गर्दी, उत्तम खाद्य असलेल्या पक्ष्याला सुधारायला जागाच कमी असते. उलट गर्दी, उन्हाळा, जुनं तूस अशा ताणाखाली असलेल्या पक्ष्यांमध्ये याच वस्तूंचा परिणाम जास्त दिसतो. म्हणून शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याला फायदा झाला म्हणून तुम्हालाही होईल, असं धरून चालू नका.

अँटिऑक्सिडंट दोन प्रकारचे

दुकानात 'अँटिऑक्सिडंट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या कामाच्या वस्तू विकल्या जातात. नवा माणूस इथे हमखास गोंधळतो.

पहिला प्रकार खाद्य टिकवणारा. खाद्यातल्या तेलाचा हवेशी संबंध आला की ते खवट होतं. खवट तेल पक्षी कमी खातो, आणि त्याहून वाईट म्हणजे खवटपणा खाद्यातलं ई आणि अ जीवनसत्त्वही खाऊन टाकतो. बीएचटी, इथॉक्सिक्विन ही रसायनं त्यासाठी खाद्यात घालतात. इथॉक्सिक्विनची परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली, तेव्हापासून रोझमेरीचा अर्क, टोकोफेरॉल असे नैसर्गिक पर्याय पुढे आले.

दुसरा प्रकार पक्ष्याच्या शरीरात काम करणारा. ब्रॉयलर ज्या वेगाने वाढतो त्यात पेशींमध्ये घातक रेणू भरपूर तयार होतात, आणि उन्हाळ्यात ते आणखी वाढतात. त्यांना आवर घालायला पक्ष्याकडे स्वतःची व्यवस्था असते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे तिचे मुख्य आधार. हळदीतलं करक्युमिन, आवळ्यातली टॅनिनं, शेवग्याच्या पाल्यातले घटक या व्यवस्थेला हातभार लावतात.

आता व्यवहाराचं. तुम्ही स्वतः खाद्य बनवत असाल तर सगळ्यात स्वस्त अँटिऑक्सिडंट म्हणजे ताजा माल. विशेषतः राइस पॉलिश. भाताच्या गिरणीतून निघालेलं तेलयुक्त पॉलिश उन्हाळ्यात काही दिवसांतच खवट व्हायला लागतं. चिमूटभर हातावर चोळा आणि वास घ्या. जुन्या पणतीतल्या तेलासारखा वास आला की ते पोतं परत पाठवा. तेल काढलेलं पॉलिश टिकतं, पण त्यात ऊर्जा कमी, तेव्हा त्याच भावात घेऊ नका. तयार खाद्य घेत असाल तर पोत्यावरची तारीख बघा आणि दोन आठवड्यांत संपेल एवढंच आणा. पोती जमिनीला टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

सेलेनियम मात्र स्वतःच्या मनाने कधीही वाढवू नका. प्रीमिक्समध्ये, म्हणजे खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणात, ते असतंच. गरजेचं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत फार अंतर नाही. दुकानदाराने 'ई-सेलेनियम' पाण्यातून द्यायला सांगितलं तर आधी प्रीमिक्सच्या पिशवीवरचा मजकूर वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

मक्याची बुरशी हा आणखी एक विषय याच घरातला. मक्यात ओल १२-१३ टक्क्यांच्या वर असली की अफ्लाटॉक्सिन तयार व्हायची भीती. पोल्ट्री खाद्यात त्याची मर्यादा २० पीपीबी आहे, म्हणजे एक टन खाद्यात अवघे २० मिलिग्रॅम. पावसाळी मका घेताना दाणा दाताखाली फोडून पाहा, कडकन् फुटला पाहिजे. हळदीने अफ्लाटॉक्सिनचा यकृतावरचा मारा काही प्रमाणात कमी होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. याचा अर्थ बुरशीचा मका हळद लावून खपवता येतो असा कुणी काढू नये. टॉक्सिन बाइंडर (आतड्यात विष धरून ठेवणारा पदार्थ) वेगळा लागतो, आणि काळा पडलेला मका उकिरड्यावरच जायला हवा.

हळदीपासून सुरुवात करा

पहिली वस्तू म्हणून मी हळदच सुचवतो. आपल्याकडे ती चांगली मिळते, तिच्यावर काम बरंच झालं आहे, पक्षी ती विनातक्रार खातात, आणि थोडं जास्त पडलं तरी नुकसान होत नाही. सांगली, वसमत, वर्ध्याकडचं वायगाव या तिन्ही ठिकाणच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. सर्वसाधारण हळदीत करक्युमिन २ ते ५ टक्के, वायगावच्या हळदीत त्याहूनही जास्त. पक्ष्यांसाठी घेताना दिसायला सुंदर, पॉलिश केलेलं हळकुंड घ्यायची काहीच गरज नाही. बाजारात गड्डे आणि तुटकी हळकुंडं बऱ्याच कमी भावात मिळतात. फक्त ती बुरशीची नकोत. तुकडा मोडून आतला रंग पाहा. नारिंगी-पिवळा आणि वास झणझणीत असला की झालं. काळपट, भुसभुशीत, कीड लागलेला माल फुकट मिळाला तरी नको.

दळलेली पूड विकत घेऊ नका, निदान सुटी तरी नको. हळद पुडीत मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट हे रंग मिसळल्याचे प्रकार देशभर उघड झाले आहेत. लेड म्हणजे शिसं, आणि ते पक्ष्याच्या शरीरातून गिऱ्हाइकाच्या ताटात जातं. ग्लासभर पाण्यावर चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. भेसळीच्या पुडीने पाणी गडद पिवळं होतं. पण ही ढोबळ चाचणी झाली. हळकुंड आणून गावातल्या चक्कीवर दळून घेणं सगळ्यात बरं. मिरची दळल्यावर लगेच हळद दळू देऊ नका, मध्ये थोडा मका फिरवायला सांगा.

प्रमाण किलो खाद्याला ५ ग्रॅम, म्हणजे १०० किलोला अर्धा किलो. प्रयोगांत अडीच ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत वापरलेलं आहे. दहाच्या वर गेलात तर खर्च वाढतो, फायदा वाढेलच असं नाही. हळदीसोबत थोडी मिरपूड घालावी का, असं बरेच जण विचारतात. मिरीमुळे करक्युमिन अंगी जास्त लागतं हे माणसांमध्ये दिसलं आहे. पण मिरीचा भाव पाहता ब्रॉयलरच्या हिशोबात ती बसत नाही. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हळदीने कोंबडी पिवळी होते, असं नाही. कातडीला आणि अंड्याच्या बलकाला पिवळा रंग येतो तो मक्यातल्या आणि झेंडूच्या फुलातल्या वेगळ्या रंगद्रव्यांनी. आणि आपल्याकडे चिकनच्या दुकानात पक्षी बहुतेक सोलूनच देतात, तेव्हा कातडीच्या रंगाचा भाव इथे कुणी देत नाही.

मिसळायचं कसं

निम्म्या लोकांचं इथेच बिघडतं. अर्धा किलो हळद १०० किलोच्या ढिगावर पसरून दोन वेळा फावडं मारलं की काही पक्ष्यांना हळदच हळद आणि काहींना शून्य.

अर्धा किलो हळद आधी अर्धा किलो मक्याच्या भरड्यात घमेल्यात हाताने एकजीव करा. त्या एक किलोत आणखी एक किलो भरडा. दोनचे चार, चारचे आठ असं वाढवत १५-१६ किलोपर्यंत न्या. मग ते मिश्रण उरलेल्या ढिगावर पसरा आणि ताडपत्रीवर ढीग एका बाजूने दुसऱ्या बाजूला तीनदा उलटा. प्रत्येक वेळी ढीग तळापासून उचलायचा, वरूनच खेळवत बसायचं नाही. शेवटी चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक मूठ पांढऱ्या कागदावर ठेवून रंग पाहा. हळदीचा हा मोठा फायदा, मिसळणं चुकलं की डोळ्यांना दिसतं. लसूण किंवा अश्वगंधेच्या बाबतीत तसं कळत नाही, म्हणूनही पहिला हात हळदीवर बसवावा.

पिलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) किंवा क्रंबल (त्यांचा चुरा) वापरत असाल तर कोरडी पूड टाकण्यात अर्थ नाही. पिलेट गुळगुळीत, पूड सरळ फीडरच्या तळाला जाऊन बसते, पक्षी पिलेट वेचून खातात आणि तळाची पूड तुम्ही तुसात झटकता. १०० किलो पिलेटला अर्धा लिटर सोयाबीनचं किंवा राइस ब्रॅन तेल शिंपडून, हलकं फिरवून, मग वर हळद भुरभुरा. चांगली चिकटते. पण असं तेल लावलेलं खाद्य तीन-चार दिवसांत संपवा. त्याहून जुनं ठेवलं तर वर सांगितलेला खवटपणा आपणच विकत घेतला.

पहिले सात दिवस प्री-स्टार्टर (पिल्लांचं पहिलं खाद्य) आहे तसाच द्या. एवढ्याशा पिल्लाला खाण्यापिण्याची गोडी लागू द्या. आठव्या दिवसापासून निम्म्या प्रमाणाने सुरू करून तीन दिवसांत पूर्ण प्रमाणावर या.

बाकीच्या वस्तू

लसूण. ताज्या पाकळीत ॲलिसिन तयार नसतं. पाकळी ठेचली की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि मग तो तिखट वास येतो. हे विकर उष्णतेने मरतं. म्हणून लसूण उकळून त्याचं पाणी देणं म्हणजे वास देणं. ठेचून, पातळ पसरून, सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि दळा. साधारण तीन किलो ताज्या लसणाची एक किलो पूड होते, त्यामुळे लसणाचा भाव चढा असला की हिशोबच जमत नाही. प्रमाण किलोला ३ ते ५ ग्रॅम. विक्रीआधी शेवटचे चार-पाच दिवस बंद ठेवलेला बरा, मांसाला वास नको.

ओवा मला लसणापेक्षा जास्त आवडतो, निदान वापरायला. त्याच्या तेलात थायमॉल मोठ्या प्रमाणात असतं. परदेशी कंपन्या ओरेगॅनो आणि थाइमच्या तेलाची महागडी उत्पादनं विकतात त्यातलाही हाच घटक, सोबत कार्व्हाक्रॉल. आतड्यातल्या घातक जंतूंवर त्याचा परिणाम होतो, आणि पाचक रसांना चालना मिळते. ओवा दळून किलोला २ ते ३ ग्रॅम पुरे. जास्त घातलात तर तिखट लागतो आणि पक्षी खाणं कमी करतात. दळल्यावर डब्याचं झाकण घट्ट हवं, कारण जे काम करतं ते तेल हवेत उडून जाणारं आहे. महिनाभराचा ओवा एकदम दळून ठेवण्यात काही अर्थ नाही, आठवड्याचा दळा.

शेवग्याचा पाला वेगळ्या गटातला. वाळलेल्या पाल्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीनही चांगलं. त्यामुळे लोक उत्साहाने १०-१५ टक्के पाला घालतात आणि पक्षी वाढत नाहीत. पाल्यात तंतू आहे, आणि जास्त झाले की पचनाच्या आड येणारे टॅनिन, सॅपोनिन आहेत. ब्रॉयलरची आतडी गायीची नव्हेत. १०० किलोला एक-दोन किलो, फार तर पाच, आणि पाला सावलीत वाळवलेला हवा. उन्हात वाळवला की रंग जातो आणि त्याबरोबर बरंच काही जातं. गावरान किंवा परसातल्या पक्ष्यांना शेवगा जास्त मानवतो.

आले, तुळस, मेथी, कलौंजी, अश्वगंधा, भुईआवळा या सगळ्यांवर प्रयोग झालेत. अश्वगंधा ताण कमी करते म्हणतात, पण भाव पाहिला की आपल्यालाच ताण येतो. कडुनिंबाचा पाला सांभाळून. कडूपणामुळे खाणं घटतं आणि ब्रॉयलरमध्ये खाणं घटलं की वजन गेलंच.

तयार हर्बल टॉनिकच्या बाटलीवर वनस्पतींची नावं असतात, पण प्रत्येकाचं प्रमाण आणि मुख्य घटक किती टक्के हे लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं 'गुणकारी वनस्पतींचे मिश्रण' असं असेल तर तेवढ्या पैशांत ओवा जास्त येईल. आणि एकाच बाटलीने यकृत, किडनी, वजन, सर्दी सगळं सुधारतं असं लिहिलेलं असेल तर ती पुन्हा फळीवर ठेवून द्या.

उन्हाळा

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ अंशांवर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, तिच्या शरीराचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं. अशा वेळी अँटिऑक्सिडंटचा उपयोग खरोखर दिसतो, आणि वर्षभरात एकदाच पैसे खर्च करायचे असतील तर याच दोन महिन्यांत करा.

कोंबडी क जीवनसत्त्व आपल्या मूत्रपिंडात स्वतः बनवते. एरवी ते पुरतं, कडक उन्हाळ्यात पुरत नाही. म्हणून पाण्यातून किंवा खाद्यातून क जीवनसत्त्व देतात. खाद्यात किलोला २०० ते २५० मिलिग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. आवळा पूड किलोला ५ ग्रॅम हा त्याचा घरगुती भाऊ. वाळवताना आवळ्यातलं क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, पण टॅनिनं राहतात आणि तीही अँटिऑक्सिडंट आहेत. हिवाळ्यात आवळा स्वस्त असतो तेव्हाच किसून सावलीत वाळवून, हवाबंद डब्यात भरून ठेवा. मे महिन्यात बाजारातून आणायला जाल तर पदरात काही पडणार नाही. पाण्यातून क जीवनसत्त्व देताना ते सकाळी थंड पाण्यात विरघळवा आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच करा. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते वाया जातं, आणि क्लोरीनही वाया जातं.

पण आवळ्याच्या आधी छपरावर पाचट किंवा चुन्याचा पांढरा हात, फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), आणि दुपारी अकरा ते चार खाद्य उचलणं. पचनाची उष्णता धापांच्या वेळेला भिडू नये म्हणून खाद्य पहाटे आणि रात्री. उन्हाळ्यात पक्षी खाद्याच्या दुप्पट नव्हे तर कधी चौपट पाणी पितात, टाकी तेवढी थंड आणि भरलेली हवी.

लसीच्या दिवशी काहीच नाही

गंबोरोची किंवा लासोटा (राणीखेतची) लस पाण्यातून देता त्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात टॉनिक नको, क्लोरीन नको, लसणाचं पाणी नको. साधं स्वच्छ पाणी आणि त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर, एवढंच. जिवंत लस आहे, तिला इजा होईल असं पाण्यात काही असता कामा नये. खाद्यातली हळद चालू राहिली तरी चालेल.

खाद्यात कॉक्सीचं प्रतिबंधक औषध असेल तर हळद-ओवा सुरू केला म्हणून ते काढून टाकू नका. वनस्पतींनी कॉक्सी आटोक्यात येते असे दावे फिरतात; नवख्या माणसाने त्यावर आपला लॉट पणाला लावू नये.

फायदा झाला की नाही

नुसतं 'यावेळी पक्षी तजेलदार दिसतात' हे कामाचं नाही. गेल्या लॉटशी तुलना करणंही कामाचं नाही, कारण पिल्लांची हॅचरी बदलली असेल, हवामान बदललं असेल, खाद्याचा मका वेगळा असेल. एकाच शेडमध्ये, एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे दोन भाग करा. जाळी लावून ५०० पक्ष्यांचे २५०-२५०. एका बाजूला हळद, दुसरीकडे तेच खाद्य बिनहळदीचं. खाद्याची नोंद दोन्हीकडे वेगळी ठेवा, मेलेला पक्षी कुठल्या बाजूचा ते लिहा. पश्चिमेकडच्या बाजूला दुपारचं ऊन जास्त लागत असेल तर शेडचे चार भाग करून एकाआड एक हळद द्या.

वजन करताना जवळ आलेला, हातात सहज सापडणारा पक्षी उचलू नका. तो बहुतेक सुस्त तरी असतो नाहीतर जड. चिकगार्डची (पिल्लांभोवती लावायच्या कुंपणाची) पट्टी घेऊन एका कोपऱ्यात ४०-५० पक्षी घेरा आणि त्या घेऱ्यातले सगळेच्या सगळे तोला.

आता थोडं आकड्यांत. दोन किलोच्या पक्ष्यांमध्येही एकाचं वजन १,७०० ग्रॅम, दुसऱ्याचं २,३०० ग्रॅम असा फरक नेहमीच असतो. नर-मादी मिसळ असतील तर आणखी. त्यामुळे प्रत्येक बाजूचे ४० पक्षी तोललेत आणि सरासरीत ५०-६० ग्रॅमचा फरक आला, तर तो नुसत्या योगायोगानेही येतो. तेवढ्यावर हळदीला शाबासकी देऊ नका. विक्रीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे सगळे पक्षी वेगवेगळे तोला. २५०-२५० पक्ष्यांत फरक ४० ग्रॅमच्या वर गेला तर काहीतरी आहे असं म्हणता येतं. त्याच्या आत असेल तर पुढच्या लॉटमध्ये पुन्हा करून पाहा, यावेळी बाजू बदलून.

एफसीआर म्हणजे खाल्लेलं एकूण खाद्य भागिले विकलेलं एकूण वजन. खाद्य मोजताना फीडरमध्ये उरलेलं वजा करा, बरेच जण विसरतात.

परवडतं का

एक पक्षी विक्रीपर्यंत साधारण ३.३ किलो खातो असं धरू. किलोला ५ ग्रॅम म्हणजे पक्ष्यामागे साडेसोळा ग्रॅम हळद. हळद १६० रुपये किलो धरली तर पक्ष्यामागे २ रुपये ६४ पैसे. १००० पक्ष्यांना २,६४० रुपये, दळणावळ वेगळी. खाद्य ४० रुपये किलो असेल तर हा खर्च भरून निघायला प्रत्येक पक्ष्याने ६६ ग्रॅम खाद्य कमी खाऊन तेवढंच वजन द्यायला हवं. दोन किलोच्या पक्ष्याला हा एफसीआरमध्ये ०.०३ चा फरक, म्हणजे १.६५ वरून १.६२. अशक्य नाही, पण आपोआप मिळेल असंही नाही. मर १००० मध्ये १५-२० ने कमी झाली तरी खर्च निघतो. तुमच्या बाजारातले आजचे भाव घालून हाच हिशोब पुन्हा करा. ज्या महिन्यात हळद चढते त्या महिन्यात तो उलटा पडतो, तेव्हा ओव्याकडे वळा किंवा सरळ बंद करा. हळद फक्त फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) किंवा फक्त स्टार्टरमध्ये (त्याआधीच्या खाद्यात) देऊन खर्च बराच कमी करता येतो.

'हर्बल चिकन' म्हणून जास्त भाव मिळेल या आशेवर सुरुवात करू नका. व्यापारी लिफ्टिंगला (पक्षी उचलायला) येतो तो वजन बघून भाव देतो, तुम्ही काय खाऊ घातलंत ते विचारत नाही. स्वतःचं दुकान किंवा ठरलेली गिऱ्हाइकं असतील तर गोष्ट निराळी. तिथेही जे खरं तेवढंच सांगा: खाद्यात हळद घालतो आणि वाढीसाठी अँटिबायोटिक देत नाही. 'औषधमुक्त' असा बोर्ड लावलात आणि मध्ये सर्दीसाठी गोळी द्यावी लागली, तर एकतर बोर्ड खोटा ठरेल नाहीतर पक्षी मरतील. औषध दिलंच, तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत तो पक्षी विकायचा नाही.

डबा कधी बंद करायचा

एका दिवसात नेहमीच्या दुप्पट मर, रक्ताची विष्ठा, मान मुरगळणं, पाय ओढणं, तुरा निळा पडणं, खाद्य अचानक निम्म्यावर येणं, यातलं काहीही दिसलं की हळद-लसणाचा डबा बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. आजारी पक्ष्याला काढे पाजण्यात जे दोन दिवस जातात तेवढ्यात राणीखेत म्हणजे मानमोडी अख्खी शेड रिकामी करते. ताजे मेलेले दोन-तीन आणि आजारी दोन पक्षी तपासायला द्या. कुजलेल्या पक्ष्यावरून काही निदान होत नाही, म्हणून सकाळी सापडलेला पक्षी दुपारपर्यंत उन्हात पडून राहू देऊ नका. मात्र अचानक खूप पक्षी एकदम मेले असतील तर मेलेले पक्षी गाडीत घालून फिरवू नका, शेडवरच ठेवून दवाखान्याच्या माणसांना बोलवा. बर्ड फ्लूची शंका असताना तेच करायचं असतं. २००६ मध्ये नवापूरला देशात तो पहिल्यांदा सापडला, २०२१ मध्ये त्याच भागात पुन्हा आला. डॉक्टर आले की खाद्यात काय काय घालत होतात ते सगळं सांगा, कागदावर लिहिलेलं असेल तर उत्तम. लपवलंत तर निदानाला उशीर होईल.

नमुना खाद्याचाही ठेवा. दर वेळी मिसळलेल्या खाद्यातलं अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर तारीख घालून, लॉट विकून होईपर्यंत सावलीत ठेवून द्यायचं. काही बिनसलं तर नागपूरच्या माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) एखाद्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, शिरवळ, उदगीर, परभणी, जे जवळ पडेल तिथे, तपासणीची चौकशी करता येते. नमुनाच नसेल तर तपासायला उरतं काय?